बार्शीचा ताप, यवतचा डास, भिगवणचे गुडघे : सांधेदुखीची नोंद वहीतून संगणकात कशी गेली?

१/
सन १९७३. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी ही धान्याची जुनी बाजारपेठ. भगवंताच्या देवळामुळे आणि नॅरोगेज रेल्वेमुळे हे नाव महाराष्ट्राला ठाऊक होते. त्या वर्षी बार्शीत एक विचित्र ताप आला. माणूस सकाळी कामाला जाई आणि संध्याकाळी त्याला अंथरुणावरून उठता येत नसे. ताप काही दिवसांत उतरे. परंतु घोटे, मनगटे, बोटे आणि गुडघे धरलेलेच राहत. पुढे झालेल्या पाहणीत आजारी पडलेल्यांचे प्रमाण ३७.५ टक्के निघाले. म्हणजे दर ८ माणसांमागे ३.

२/
या साथीचा तपास पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने केला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी १९५२ साली स्थापलेले हे केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. रुग्णांचे रक्त पुण्यास गेले, विषाणू वेगळा काढला गेला आणि त्याची ओळख पटली : चिकुनगुनिया.

या तपासाचा सविस्तर अहवाल शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला तो १९७९ साली. साथ आणि अहवाल यांत ६ वर्षांचे अंतर. हे अंतर ध्यानात ठेवावे; पुढील कथेचे मोजमाप त्यावरूनच करायचे आहे.

३/
‘चिकुनगुनिया’ हा शब्द पूर्व आफ्रिकेतील माकोंडे भाषेतला. १९५२-५३ साली तत्कालीन टांगानिकाच्या, म्हणजे आजच्या टांझानियाच्या, दक्षिण भागात हा आजार प्रथम ओळखला गेला. शब्दाचा अर्थ साधारणतः ‘वाकवून टाकणारा’. तेथील लोकांनी रोगाला नाव दिले ते तापावरून नव्हे, सांध्यांवरून. वैद्यकाने तो तापाच्या रकान्यात टाकला. रोग्याच्या दृष्टीने मोठे दुःख कोणते आणि नोंदवहीच्या दृष्टीने कोणते, यांतील फारकत येथपासून दिसते.

४/
हा आजार १९५२ साली जन्मला असे मात्र नाही. १८२३-२४ आणि १८७०-७३ या काळात हिंदी महासागराच्या काठाकाठाने सांधे आखडणाऱ्या तापाच्या मोठ्या साथी फिरल्या. झांझिबार, एडन, मुंबई, कलकत्ता असा व्यापारी गलबतांचाच मार्ग. झांझिबारमधील डॉक्टर जेम्स ख्रिस्टी यांनी १८७०च्या साथीचे वर्णन केले आणि तिचे स्थानिक नावही नोंदवले : ‘किडिंगा पेपो’. वृद्ध रहिवाशांना जवळजवळ ५० वर्षांपूर्वीची तशीच साथ आठवत होती, हेही त्यांनी टिपले.

५/
त्या साथींना कागदोपत्री ‘डेंग्यू’ म्हटले गेले. १९७१ साली डोनाल्ड केरी या संशोधकाने जुनी वर्णने पुन्हा वाचून असा युक्तिवाद केला की, त्यांतील कित्येक साथी डेंग्यूच्या नव्हत्या, त्या चिकुनगुनियाच्या होत्या. पुरावा कोणता? महिनोन्‌महिने टिकणारी सांधेदुखी. डेंग्यूत अंग मोडून येते, पण सांधे इतके दिवस धरत नाहीत. रक्ताचा नमुना मागे उरलेला नाही, विषाणू हाती नाही. केवळ रोग्यांच्या तक्रारी कोणीतरी प्रामाणिकपणे लिहून ठेवल्या होत्या, म्हणून शंभर वर्षांनी चूक लक्षात आली. इतिहासाच्या अभ्यासकास यापेक्षा वेगळे काय हवे?

६/
भारतात प्रयोगशाळेत सिद्ध झालेली पहिली साथ १९६३ची, कोलकात्याची. पुढे मद्रास, वेल्लोर, आंध्रातील किनारी गावे आणि १९६५ साली नागपूर. त्यानंतर १९७३ची बार्शी. आणि बार्शीनंतर शांतता. तब्बल ३२ वर्षे भारतात चिकुनगुनियाची मोठी साथ नोंदली गेली नाही. वैद्यकाचे विद्यार्थी परीक्षेपुरते हे नाव पाठ करीत आणि विसरून जात.

७/
थोडे बार्शीविषयी. १९७२चा दुष्काळ महाराष्ट्राच्या स्मृतीत आजही ताजा आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्या अगदी मध्यभागी होता. पाणी तुटपुंजे असेल तेथे ते घरात साठवावे लागते : रांजण, हौद, पिंप, डेरा. चिकुनगुनिया पसरवणारा एडीस इजिप्ती हा डास गटारात वाढत नाही. त्याला स्वच्छ, साठवलेले, स्थिर पाणी हवे असते. तो दिवसा चावतो आणि घराच्या आसपासच राहतो. ज्या घरात माऊली पाण्याचा थेंबन्‌थेंब जपून ठेवते, ते घर त्याला सोयीचे.

८/
साथीचा तपास करणारे पथक ताप मोजण्यासाठी येते. ताप ओसरला की पथक परतते. पण ज्या विणकराची बोटे पुढे सहा महिने मिटत नाहीत, ज्या बाईला जात्याचा खुंटा धरवत नाही, त्यांची नोंद कोणत्या वहीत होणार? सांधेदुखीने माणूस सहसा दगावत नाही आणि मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेला न दगावणारे दुःख दिसत नाही. सांध्यांच्या आजारांचा अभ्यास जगभर मागे राहिला त्याचे एक कारण हेच.

९/
आता काही काळ सोलापूर सोडून कॅलिफोर्नियात जावे लागेल. बार्शीच्या साथीच्या आदल्या वर्षी, १९७२ साली, स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेम्स फ्राइस या संधिवाततज्ज्ञाने एक लेख प्रसिद्ध केला. विषय वरवर रुक्ष होता : रुग्णाची नोंद कशी ठेवावी.

१०/
फ्राइस यांचे म्हणणे असे. दीर्घ आजाराची गोष्ट एका भेटीत कळत नाही. म्हणून नोंद काळाच्या रांगेत मांडावी. प्रत्येक भेट हा एक स्तंभ, प्रत्येक लक्षण ही एक ओळ. गेल्या वर्षी किती सांधे सुजले होते, यंदा किती, मधल्या काळात कोणते औषध चालू होते, हे एका दृष्टिक्षेपात दिसावे. आणि हा तक्ता कागदावर न ठेवता संगणकात ठेवावा, म्हणजे हजारो रुग्णांचे तक्ते एकमेकांशेजारी ठेवून पाहता येतील.

या विचारातून ‘अरामिस’ ही अमेरिकेतील संधिवाताची संगणकीय माहितीपेढी उभी राहिली. दीर्घ आजारांसाठी उभारलेल्या पहिल्या मोठ्या माहितीपेढ्यांपैकी ती एक. घराघरांत संगणक येण्यास अजून बराच अवधी होता.

११/
तिचा उपयोग काय झाला? संधिवातावरील वेदनाशामक गोळ्यांनी जठराला जखमा होतात, हे डॉक्टरांना सुटेसुटे ठाऊक होते. एखाददुसरा रुग्ण रक्ताची उलटी होऊन दाखल होई. पण गोळ्या घेणाऱ्या किती जणांना असे होते, कोणास अधिक होते, कितीजण त्यात दगावतात, हे कोणी सांगू शकत नव्हते. अरामिसच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींतून त्या हानीचे मोजमाप हाती आले. एका डॉक्टरच्या आयुष्यात न दिसणारी गोष्ट हजारो स्तंभांत दिसली.

१२/
१९८० साली फ्राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक साधन दिले : रोगाने माणसाचे दैनंदिन जगणे किती अडते हे मोजणारी प्रश्नावली. कपडे घालता येतात का, नळ सोडता येतो का, टबमध्ये बसून आंघोळ करता येते का?

टबमध्ये बसून आंघोळ! भारतीय खेड्यात हा प्रश्न नेल्यास उत्तरादाखल हसूच मिळेल. येथे माणसाचे अडते ते उकिडवे बसताना, मांडी घालताना, जेवणाच्या पंगतीतून उठताना. भारतीय संशोधकांनी ही प्रश्नावली येथील जगण्यानुसार बदलून घेतली. साधन परक्या देशातून आले तरी प्रश्न आपल्याच अंगणातले असावे लागतात.

१३/
परत महाराष्ट्रात. पुण्याहून सोलापूरला निघालेला प्रवासी यवत, दौंडचा फाटा ओलांडून भिगवणला पोहोचतो. इंदापूर तालुक्यातील हे गाव उजनीच्या फुगवट्याच्या काठावर आहे. आज पर्यटक येथे रोहित पक्षी पाहायला येतात. संधिवाताच्या जागतिक अभ्यासात मात्र ‘भिगवण’ हे नाव निराळ्याच कारणासाठी घेतले जाते.

१४/
जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय संघ यांनी १९८१च्या सुमारास ‘कॉपकॉर्ड’ नावाचा उपक्रम आखला. हेतू साधा होता : गरीब आणि विकसनशील देशांत सांधे-स्नायूंचे दुखणे किती लोकांना आहे, हे रुग्णालयात बसून न मोजता गावात जाऊन मोजावे. रुग्णालयात येतो तो ज्याला येणे परवडते तो. उरलेले मोजणीतून गळतात.

१५/
१९९६ साली पुण्याच्या सेंटर फॉर र्‍हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी हा उपक्रम भिगवणात नेला. गावातीलच स्वयंसेवक तयार केले. ते घरोघरी गेले. ज्यांनी ‘दुखते’ असे सांगितले त्यांची सविस्तर प्रश्नावली भरली गेली आणि मग तज्ज्ञ डॉक्टरांनी त्यांना तपासले. हे तीन टप्पे एकामागून एक न घेता समांतर चालवले, हे भिगवणचे वैशिष्ट्य. मधला वेळ वाचला, आणि दुखणे सांगणारा माणूस डॉक्टर येईपर्यंत परगावी निघून गेला, असे फारसे घडले नाही.

१६/
प्रश्नावलीत मानवी शरीराचे एक रेखाचित्र होते. कोठे दुखते ते त्यावर खूण करून दाखवायचे. अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्या आजीलाही बोट ठेवता येते. आज मोबाइलच्या पडद्यावर शरीराची आकृती दाखवून ‘दुखऱ्या जागी स्पर्श करा’ असे सांगणारी ॲप्स आहेत. त्यांचा पूर्वज भिगवणच्या ओसरीवर कागदाच्या रूपात होता.

१७/
निष्कर्ष असे : ६,०३४ गावकऱ्यांच्या या पाहणीत ४,०९२ प्रौढांची माहिती मिळाली आणि त्यांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्के प्रौढांना, सांधे वा स्नायूंचे दुखणे होते. बोटांचे सांधे वाकडे करणारा आमवात सुमारे ०.५ टक्का, म्हणजे २०० प्रौढांत एकाला. गुडघ्यांची झीज आणि कष्टाने येणारी अंगदुखी त्याहून कितीतरी अधिक.

१८/
०.५ टक्का हा आकडा किरकोळ भासतो. परंतु तोवर ‘आमवात हा थंड हवेतील गोऱ्या लोकांचा रोग, आपल्या खेड्यात तो क्वचितच’ असे सहज बोलले जाई. माधवकराने आपल्या निदानग्रंथात आमवाताला स्वतंत्र प्रकरण दिले, त्याला हजारांहून अधिक वर्षे लोटली होती. रोग येथे होताच, मोजलेला नव्हता.

१९/
भिगवणचे काम पाहणीपुरते थांबले नाही. तपासणी आणि आरोग्यशिक्षण पुढेही चालू राहिले. २००० ते २०१० हे ‘अस्थि-सांधे दशक’ म्हणून जगभर पाळले गेले. त्या निमित्ताने भारतात भिगवणच्या धर्तीवर डझनभर ठिकाणी पाहण्या झाल्या आणि ५५,०००हून अधिक लोकांची माहिती गोळा झाली. प्रश्न सर्वत्र सारखेच असल्यामुळे ती संगणकात एकत्र आणून एका प्रदेशाची दुसऱ्याशी तुलना शक्य झाली. येथे खरी करामत यंत्रापेक्षा सारख्या प्रश्नाची. निरनिराळ्या गावांत निरनिराळे प्रश्न विचारले असते, तर कितीही मोठा संगणक निरुपयोगी ठरला असता.

२०/
आता पुन्हा त्याच रस्त्यावर, भिगवणच्या अलीकडे. सन २००० मध्ये राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पुणे जिल्ह्यातील यवत येथे एडीस इजिप्ती डास पकडले आणि त्यांत चिकुनगुनियाचा विषाणू सापडला. २००१ साली त्याविषयी शोधनिबंध प्रसिद्ध झाला. देशात साथ नव्हती, रुग्णांच्या रांगा नव्हत्या. बार्शीनंतर जो संपला असे वाटत होते तो विषाणू सोलापूर रस्त्यावर एका डासाच्या पोटात जिवंत होता. नमुना शीतपेटीत गेला.

२१/
२००५-०६ साली हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर चिकुनगुनियाने कहर केला. बेटाच्या लोकसंख्येपैकी सुमारे एक-तृतीयांश लोक आजारी पडले. फ्रेंच शास्त्रज्ञांनी तेथील विषाणूचा जनुकीय क्रम वाचला आणि २००६ सालीच तो निबंध कोणासही विनामूल्य वाचता येईल अशा नियतकालिकात इंटरनेटवर प्रसिद्ध झाला. जनुकीय क्रम सार्वजनिक संगणकीय पेढीत ठेवले गेले. बार्शीच्या अहवालाला ६ वर्षे लागली होती. येथे काही महिने पुरले.

२२/
त्याच सुमारास साथ भारतात शिरली. आंध्र, कर्नाटक, महाराष्ट्र. २००६ या एका वर्षात देशात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी कर्नाटकात साडेसात लाखांहून अधिक, महाराष्ट्रात अडीच लाखांहून अधिक. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला होता. त्यामुळे ‘चिकन-गुनिया’ कोंबडी खाल्ल्याने होतो, असा समज पसरला. एका माकोंडे शब्दाची ही मराठी व्युत्पत्ती निष्पाप खरी, पण पोल्ट्रीवाल्यांना ती महागात पडली.

२३/
प्रश्न असा होता : हा विषाणू बार्शीचाच, ३२ वर्षे दबा धरून बसलेला, की नवा? पुण्याच्या संस्थेने जुने नमुने बाहेर काढले. कोलकाता १९६३, बार्शी १९७३, यवत २०००, आणि नवे २००६चे. जनुकीय अक्षरांच्या रांगा संगणकावर एकमेकींखाली ठेवल्या. दोन रांगांत जितके कमी फरक तितके नाते जवळचे, या तत्त्वाने वंशवृक्ष काढला.

२४/
कोलकाता आणि बार्शी एका फांदीवर आले : आशियाई वंश. २००६चे विषाणू वेगळ्या फांदीवर : आफ्रिकी वंश, रियुनियनच्या शेजारी. म्हणजे बार्शीचा विषाणू परतला नव्हता. दुसराच आला होता.

आणि यवत? यवतचा २०००चा विषाणू आफ्रिकी फांदीवर बसला. नव्या वंशाने महाराष्ट्रात पाऊल ठेवले होते ते साथीच्या ५ वर्षे आधी.

२५/
येथे थोडे थांबावे. नमुना होता, निबंध होता, डासाचे नाव आणि गावाचे नावही होते. नव्हती ती तुलना. २००० साली पूर्ण जनुकीय क्रम वाचणे महागडे आणि संथ होते. शेजारी ठेवायला जगभरचे क्रम पेढीत जमा नव्हते. दस्तऐवज असणे आणि तो वाचता येणे, यांत ५ वर्षे गेली. मोडी कागदांच्या गठ्ठ्यांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे निराळे सांगायला नको.

२६/
२००६च्या साथीत चिकुनगुनियाने एकही मृत्यू झाला नाही, अशी सरकारी भूमिका होती. अहमदाबादेत दिलीप मावळणकर आणि सहकाऱ्यांनी निराळी वाट धरली. त्यांनी महापालिकेची जन्म-मृत्यू नोंद घेतली, मागील वर्षांच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहिली आणि ऑगस्ट ते नोव्हेंबर या ४ महिन्यांत अपेक्षेपेक्षा २,९४४ मृत्यू अधिक झाल्याचे दाखवले. २००८ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. प्रत्येक मृत्यू चिकुनगुनियानेच झाला असे त्यावरून सिद्ध होत नाही. परंतु ‘शून्य’ हा आकडा पुन्हा सहज उच्चारणे अवघड झाले.

२७/
ताप गेल्यानंतरच्या सांध्यांचे काय? या वेळी पथक ताप उतरल्यावर परतले नाही. चोप्रा यांच्या गटाने कॉपकॉर्डची तीच हत्यारे, घरोघर भेट, प्रश्नावली आणि शरीराचे रेखाचित्र, घेऊन महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील रुग्णांचा २ वर्षे पाठपुरावा केला. बहुतेकांचे दुखणे कालांतराने शमले, थोड्यांचे रेंगाळले. १९७३ साली कोऱ्या राहिलेल्या रकान्यात प्रथमच काही लिहिले गेले.

२८/
दरम्यान नेहमीच्या आमवाताच्या उपचारातही संगणक शिरला होता, अगदी खिशापर्यंत. रोग किती उसळला आहे हे मोजण्यासाठी १९९५ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी एक सूत्र मांडले : दुखरे सांधे, सुजलेले सांधे, रक्तातील पेशी खाली बसण्याचा वेग आणि रुग्णाचे स्वतःचे मत. सांधे मोजायचे २८. मात्र सूत्रात दोन वर्गमुळे आणि एक लॉगॅरिदम! बाहेर ४० रुग्ण बसले असताना कोणता डॉक्टर वर्गमूळ काढत बसेल? प्रथम संकेतस्थळांवरील आणि पुढे मोबाइलमधील गणकयंत्रांनी ते सूत्र रोजच्या बाह्यरुग्ण विभागात आणले. ‘बरे वाटते का?’ या प्रश्नाशेजारी एक आकडा आला आणि आकडा खाली येईपर्यंत औषध बदलत राहणे हा उपचाराचा मार्ग झाला.

२९/
मार्च २०२०. कोविड. आमवाताचे रुग्ण रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेतात. ती थांबवावीत की चालू ठेवावीत? कोणासही उत्तर ठाऊक नव्हते. संधिवाततज्ज्ञांनी ट्विटरवर एकमेकांना हाका घातल्या आणि काही दिवसांत एक जागतिक नोंदवही इंटरनेटवर उघडली. मे महिन्यात पहिला निबंध आला : ४० देशांतील ६०० रुग्ण. स्टेरॉइडची मोठी मात्रा घेणाऱ्यांना रुग्णालयात दाखल होण्याची वेळ अधिक येते, असे त्यात दिसले; आमवाताची काही नवी औषधे तशी धोकादायक दिसली नाहीत. ज्या माध्यमावर असले धागे वाचले जातात, त्याच माध्यमावर ती नोंदवही जन्मली.

३०/
त्याच मे महिन्यातली दुसरी गोष्ट. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही आमवाताच्या रुग्णांची रोजची, स्वस्त गोळी. ती कोविडवर चालेल या आशेने जगभर तिची मागणी उसळली आणि जे वर्षानुवर्षे ती घेत होते त्यांनाच ती दुकानात मिळेनाशी झाली. २२ मे रोजी ‘लॅन्सेट’मध्ये निबंध आला : ६ खंड, ६७१ रुग्णालये, ९६,०३२ रुग्ण, हे औषध घातक. सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीची ही संगणकीय माहितीपेढी. तपासकांनी मूळ नोंदी मागितल्या, त्या मिळाल्या नाहीत. ४ जून रोजी निबंध मागे घेण्यात आला.

३१/
भिगवणचे ७४६ आणि सर्जिस्फिअरचे ९६,०३२. पहिल्या आकड्यामागे कोणीतरी उंबरठ्यावर उभे राहून विचारलेला प्रश्न आहे. दुसऱ्यामागचे एकही दार कोणाला उघडून पाहता आले नाही. अस्सल बखर आणि बनावट बखर यांतला भेद इतिहासाचे विद्यार्थी ज्या कसोटीने करतात, तीच येथे लागू पडली : मूळ कागद दाखवा.

३२/
टाळेबंदीत सोलापूरकरांसाठीही रुग्णालय दूर गेले. २५ मार्च २०२० रोजी देशात दूरवैद्यकाचे नियम जाहीर झाले आणि एप्रिलमध्ये ‘ई-संजीवनी’ची घरबसल्या सल्ला देणारी सेवा सुरू झाली. मधुमेहाच्या रुग्णास साखरेचा आकडा फोनवर सांगता येतो. सांध्याचे तसे नाही. सांधा दाबावा लागतो; सूज हाडाची की पाण्याची, हे बोटांना कळते, कॅमेऱ्याला कळत नाही. २८ सांध्यांचे ते सूत्र पडद्याआडून अर्धेच भरते. जुन्या रुग्णाची औषधे सांभाळण्यास फोन पुरतो, नवा रोग ओळखण्यास अपुरा पडतो.

३३/
सोलापूरपुढे भाषेचाही प्रश्न आहे. या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात. विडी वळणाऱ्या हजारो स्त्रिया दिवसभर बोटांनीच कमावतात आणि त्यांतील अनेकींची घरची भाषा तेलुगू. ‘ठणकते’, ‘आखडते’, ‘मुंग्या येतात’ हे तीन शब्द डॉक्टरला तीन निरनिराळ्या रोगांकडे नेतात. ॲपमध्ये त्या तिन्हींसाठी ‘वेदना : होय / नाही’ एवढाच पर्याय असेल, तर निदान तेथेच चुकते.

३४/
आज आशाताई घरोघरी जातात आणि त्यांनी भरलेली माहिती मोबाइल वा टॅबवर चढते. असंसर्गजन्य रोगांच्या या सरकारी तपासणीत मुख्यतः ५ रोग पाहिले गेले : रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग. साथरोगांसाठीची दैनंदिन नोंद वेगळ्या प्रणालीत जाते आणि तेथे प्रवेश तापाच्या दारातून मिळतो. गुडघा धरून उंबऱ्यावर बसलेल्या बाईला ताप नाही, साखर नाही, रक्तदाब नाही. दोन्ही पडद्यांवर तिची नोंद निरोगी.

३५/
२०२४च्या पावसाळ्यात पुण्यात आणि महाराष्ट्राच्या इतर भागांत चिकुनगुनिया पुन्हा वाढला. नमुने त्याच पुण्याच्या संस्थेत गेले. बार्शीच्या १९७३च्या विषाणूचा जनुकीय क्रम आता सार्वजनिक पेढीत आहे. सोलापुरातील एखादा विद्यार्थी रात्री मोबाइलवर तो उघडून यवतच्या क्रमाशेजारी ठेवू शकतो. त्या साथीत ज्यांचे हात अवघडले, ती माणसे मात्र तेथे सापडणार नाहीत. त्यांतील जे कोणी हयात असतील ते आता पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. बार्शीतच असतील. अजून कोणी त्यांना विचारू शकते.

(धागा समाप्त)